मिस्टर की मौलाना? इंग्रजांच्या काळातले मुस्लिम पुढारी आणि उलेमा

नमस्कार मंडळी. डिसेंबर 1920, नागपूर. काँग्रेसचं अधिवेशन भरलंय, गांधींचा असहकाराचा ठराव येतोय, मांडवातलं सगळं वातावरण त्याच्या बाजूने, आणि अशा गर्दीसमोर त्याला विरोध करायला उभे राहतात बॅरिस्टर जिना. बोलता बोलता ते 'मिस्टर मोहम्मद अली' म्हणतात आणि लोक ओरडायला लागतात, मौलाना म्हणा, मौलाना! जिना काही ऐकत नाहीत. त्यानंतर ते काँग्रेसमधून बाहेर पडले ते पडलेच.

आता हे मोहम्मद अली जौहर, म्हणजे अली बंधूंमधले धाकटे, हे काही मदरशात शिकलेले आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, नव्हते (उलेमा हे त्याचंच अनेकवचन). रामपूरचे, अलीगढच्या कॉलेजात शिकलेले, मग ऑक्सफर्ड, मग काही वर्षं बडोदा संस्थानात नोकरी, आणि नंतर 'कॉम्रेड' नावाचं इंग्रजी साप्ताहिक. मोठे बंधू शौकत अली अलीगढच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन, सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. मग अशा माणसांना लोक मौलाना का म्हणायला लागले? आज तेच बघायचंय, कारण या एका शब्दामागे इंग्रजी राजवटीतलं पुढारी आणि उलेमा यांचं सगळं नातं आहे.

थोडं मागे जावं लागेल. कंपनी सरकारच्या कोर्टात आधी काझी आणि मुफ्ती असायचे, शरीयत काय सांगते ते न्यायाधीशाला सांगायला. 1864 च्या कायद्याने ही पदं सरकारने काढून टाकली. आता इंग्रज जज भाषांतरित पुस्तकं उघडून 'मोहमेडन लॉ' ठरवणार, आणि ज्यांनी आयुष्यभर तेच शिकलंय ते कोर्टाच्या बाहेर. दोन वर्षांनी, 1866 ला, देवबंदचा मदरसा सुरू झाला, तो चालायचा लोकांच्या वर्गणीवर, सरकारी मदतीपासून मुद्दाम लांब राहून. आणि 1875 ला सर सय्यद अहमद खान यांचं अलीगढ उभं राहिलं, तिथे इंग्रजी शिका आणि सरकारी नोकरीत जा. घरं तीच, समाज तोच, पण मुलं दोन वेगळ्या वाटांनी गेली.

पुढे 1909 च्या कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, पण मत कुणाला, तर ज्याच्याकडे जमीन, उत्पन्न, शिक्षण त्याला. म्हणजे कौन्सिलात जाणार नवाब, जमीनदार, वकील. मौलवीच्या मागे अख्खा मोहल्ला असला तरी सरकारी हिशोबात तो पुढारी नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं की मौलवींनी राजकारणात धर्म आणला, पण पुढारी कोणाला मानायचं आणि धर्माचा माणूस कोणाला, हे खाने सरकारनेच आखून ठेवले होते आणि दोन्ही बाजूंना ते अपुरे पडत होते.

कसे अपुरे, ते 1911 ते 1913 मध्ये दिसलं. इटलीने तुर्कस्तानच्या ताब्यातल्या लिबियावर हल्ला केला, बाल्कन युद्धात तुर्कस्तान हरत चाललं, आणि इकडे कानपूरला रस्त्यासाठी एका मशिदीचा वजूखाना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायची जागा, पाडला, लोक जमले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. इंग्रजी शिकलेल्या पुढाऱ्यांकडे पेपर होता, भाषा होती, व्हाइसरॉयला तार करता येत होती, पण गावागावातला मुसलमान त्यांना ओळखत नव्हता. उलेमांना तो ओळखत होता, पण सरकारशी बोलायची त्यांच्याकडे सोय नव्हती.

मग लखनौचं फिरंगी महल यात येतं. नाव ऐकून राजवाडा वाटेल, पण ही एका युरोपियन व्यापाऱ्याची हवेली होती जी औरंगजेबाने एका आलिम घराण्याला दिली, आणि पुढे मदरशांचा जो अभ्यासक्रम भारतभर चालला, दर्स-ए-निजामी, तो या घराण्यातला. तिथले मौलाना अब्दुल बारी. 1913 ला त्यांनी आणि अली बंधूंनी, बाकी काही मंडळींबरोबर, अंजुमन-ए-खुद्दाम-ए-काबा काढली, म्हणजे काबाच्या सेवकांची संघटना. आणि दोघे भाऊ अब्दुल बारींचे मुरीद झाले. मुरीद म्हणजे नुसता फॉलोअर नाही बरं का, पीराच्या हातावर हात ठेवून बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, केलेली असते, आपल्याकडे गुरूकडून अनुग्रह घेतात त्याच्या जवळपासचं काहीतरी समजा. शौकत अलींनी सूट सोडला, दाढी वाढवली. आणि अलीगढचे हे दोघे लोकांच्या तोंडी मौलाना झाले.

महायुद्धात दोघे भाऊ नजरकैदेत गेले, बराच काळ छिंदवाड्याला. तिकडे देवबंदचे मौलाना महमूद हसन हेजाजमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रांतात, पकडले गेले, रवानगी माल्टाला, सोबत त्यांचे शागीर्द हुसैन अहमद मदनी. 1919 नंतर सगळे सुटून आले आणि खिलाफत चळवळ, म्हणजे तुर्कस्तानच्या सुलतानाचं खलिफापद वाचवायची चळवळ, पेटली, आणि तिचं मुख्य ऑफिस कुठे, तर आपल्या मुंबईत. सेंट्रल खिलाफत कमिटीचे अध्यक्ष होते मियां मोहम्मद छोटानी, लाकडाचे मोठे व्यापारी. भायखळ्याचं खिलाफत हाऊस तुम्ही पाहिलं असेल, ईद-ए-मिलादचा जुलूस अजून तिथूनच निघतो. माल्टाहून सुटलेले महमूद हसनसुद्धा जून 1920 ला मुंबईच्याच बंदरात उतरले. म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा, मौलानांचा फतवा आणि बॅरिस्टर-संपादकांचं भाषण, हे तिन्ही तेव्हा एका टेबलावर आलं. अब्दुल बारींनी गांधींना फिरंगी महलात पाहुणे म्हणून ठेवलं, गोहत्या थांबवायचं आवाहन केलं.

1921 ला कराचीच्या परिषदेत ठराव झाला की मुसलमानाने इंग्रजांच्या फौजेत नोकरी करणं हराम. त्यावर खटला भरला, आणि आरोपी बघा, अली बंधू, मदनी, डॉक्टर किचलू, आणि त्यांच्यासोबत हिंदू शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ. शंकराचार्य सुटले, बाकीच्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ऑक्सफर्डवाला आणि देवबंदवाला एकाच कलमाखाली आत गेले.

पण सगळं गोड होतं असं मी सांगणार नाही. 1920 मध्ये हिजरतची लाट आली, इंग्रजांचा देश सोडून अफगाणिस्तानात चला म्हणून, हजारो गरीब माणसं, मुख्यतः सिंध आणि सरहद्द प्रांतातली, जमीन-जनावरं विकून निघाली, काबूलने दरवाजे बंद केले, कितीतरी जण वाटेत मेले आणि परत आलेल्यांकडे काही उरलं नव्हतं. त्या माणसांची आठवण खिलाफतच्या गोष्टीत फार कमी निघते, आणि फतवा व भाषण एकत्र आल्यावर किंमत कोण भरतं हे तिथे दिसतं.

मार्च 1924 मध्ये तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत रद्द केली. आणि मग गुरुशिष्यच तुटले. अरबस्तानात इब्न सौदने मक्का-मदिना घेतली, मक्केतल्या कबरी, घुमट पाडले जायला लागले. अब्दुल बारी सूफी घराण्याचे, मजार, उर्स हे त्यांच्या श्रद्धेतलं, त्यांना हे सहन होणं शक्य नव्हतं. मोहम्मद अलींचा हिशोब राजकीय, इब्न सौदने इंग्रजांच्या बाजूच्या, मक्केवर आधी राज्य करणाऱ्या शरीफ घराण्याला हाकललंय आणि तिथे आता लोकांचं राज्य येईल ही आशा. पीर आणि मुरीद उघड उघड एकमेकांच्या विरोधात उभे राहिले. जानेवारी 1926 ला अब्दुल बारी वारले. त्याच महिन्यात इब्न सौदने स्वतःला हेजाजचा राजा जाहीर केलं. मोहम्मद अली त्या वर्षी मक्केच्या परिषदेला जाऊन आले आणि इब्न सौदचे कट्टर विरोधक होऊन परतले. पण ते ऐकायला पीर आता राहिले नव्हते.

देवबंदमध्येही असंच झालं, फक्त उशिरा. ऑक्टोबर 1920 ला अलीगढमध्ये जामिया मिलिया या विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा महमूद हसन इतके आजारी होते की त्यांचं भाषण त्यांचे शागीर्द शब्बीर अहमद उस्मानी यांनी वाचून दाखवलं. महिन्याभरात उस्ताद गेले. पुढे मदनी काँग्रेसबरोबर राहिले, 1938 ला म्हणाले आजकाल कौम वतनाने बनते, म्हणजे राष्ट्र धर्माने नाही तर देशाने बनतं, आणि त्यावरून कवी इक्बालांशी त्यांचा मोठा वाद झाला. उस्मानी 1945 ला जमियत उलेमा-ए-इस्लाम या उलेमांच्या नव्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि जिनांच्या मुस्लिम लीगसोबत गेले. नागपूरला 'मौलाना' म्हणायला नकार देणाऱ्या जिनांना आता मतांसाठी मौलाना हवे होते. सप्टेंबर 1948 ला कराचीत जिनांच्या जनाज्याची नमाज पढवली ती उस्मानींनीच.

मदनींची कबर देवबंदला आहे, उस्ताद महमूद हसन आहेत त्याच कबरस्तानात. उस्मानींची कराचीत.