कार्टरांची सही आणि न संपणारी आणीबाणी

नमस्कार मंडळी! आणीबाणी म्हटलं की आपल्याला 1975 आठवतं. अमेरिकेत मात्र 1979 ला जाहीर झालेली एक आणीबाणी आजही चालू आहे, आणि तिथल्या बहुतेकांच्या ते गावीही नाही.

झालं असं. 4 नोव्हेंबर 1979. तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत विद्यार्थी घुसले, माणसं ओलीस धरली. दहा दिवसांनी बातमी आली, इराण अमेरिकी बँकांतला आपला पैसा काढून घेणार. त्याच सकाळी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी आणीबाणी जाहीर करणाऱ्या एका आदेशावर सही केली. क्रमांक 12170. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही, आणि इराणचे अब्जावधी डॉलर जागच्या जागी गोठले!

हा अधिकार आला 1977 च्या कायद्यातून. अट एकच: परदेशातून ‘असामान्य आणि असाधारण’ धोका हवा. तो आहे की नाही हे ठरवणार कोण? राष्ट्राध्यक्षच.

गोठवलेला पैसा पुढे वाटाघाटीत कामाला आला. 444 दिवसांनी, जानेवारी 1981 मध्ये, 52 ओलीस सुटले. आणीबाणी मात्र राहिली.

खरं तर 1976 च्या कायद्यानुसार आणीबाणी वर्षभरात आपोआप संपते. पण राष्ट्राध्यक्षांनी ‘चालू ठेवतोय’ अशी नोटीस काढली की झालं, आणखी एक वर्ष. दर नोव्हेंबरला ती निघते. मजकूर जवळपास तोच. आपल्याकडे भाडेकरार रिन्यू करताना तरी जास्त कटकट असते!

मग संसद काय करते? आधी दोन्ही सभागृहांनी ठराव केला की आणीबाणी बंद, राष्ट्राध्यक्षांची सही लागायची नाही. 1983 मध्ये चढ्ढा नावाच्या, केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या माणसाच्या हद्दपारीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं असले ठराव घटनाबाह्य ठरवले. खटला इमिग्रेशनचा, पण फटका बसला इथं. आता ठरावावर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात, आणि तो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. 2019 मध्ये ट्रम्प यांच्या मेक्सिको सीमेवरच्या आणीबाणीविरुद्ध दोन्ही सभागृहांनी ठराव केला. ट्रम्प यांनी तो फेटाळला. दोन तृतीयांश काही जमले नाहीत.

आपल्याकडे 44 व्या घटनादुरुस्तीनंतर नेमकं उलट आहे. आणीबाणी महिन्याभरापलीकडे चालवायला संसदेचं विशेष बहुमत लागतं, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. म्हणजे इथं चालू ठेवायला मतं जमवायची, तिथं थांबवायला.

विश्वास बसत नसेल तर नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचं सरकारी राजपत्र उघडून बघा. इराणची नोटीस सापडेल.