सावकाश म्हटलेले स्तोत्र

ग्रीसमधील प्राचीन करिंथ शहराच्या पूर्वेला, दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या भूपट्टीवर, इस्थमिया या क्रीडास्थानाचे अवशेष आजही पाहायला मिळतात. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या तिथल्या स्पर्धांत विजेत्याच्या मस्तकावर पानांचा मुकुट चढवला जात असे. इ. स. ५० च्या सुमारास येशू ख्रिस्ताचा प्रेषित पौल करिंथात दीड वर्ष राहिला आणि तंबू शिवण्याच्या व्यवसायावर पोट भरत त्याने तेथे ख्रिस्ती मंडळी उभारली. पुढे त्याच मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला देतो, तेव्हा वाचकांना तो वेगळा उलगडून सांगण्याची गरज पडली नसणार.

स्पर्धक सर्व बाबतींत संयम पाळतो तो नाशवंत मुकुटासाठी, आपण मात्र अविनाशी मुकुटासाठी, असे पौल म्हणतो. ‘मी आपले शरीर कुदलतो’ हे त्याचे पुढचे शब्द दचकवणारे आहेत. परंतु मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे असा असल्याने ही आखाड्यातली भाषा आहे, आणि तीत देहाचा तिरस्कार शोधणे आम्हांला योग्य वाटत नाही.

हाच पौल गलतीकरांस लिहिताना इंद्रियदमनाची गणना पवित्र आत्म्याच्या फळात करतो, तीही सर्वांत शेवटी. फळ म्हटले की ते निव्वळ मनगटाच्या जोरावर येत नाही. तरीही फिलिप्पैकरांना तो, आपले तारण, म्हणजे उद्धार, साधून घ्या, असे सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो की इच्छा आणि कृती ही दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देवच आहे. ज्या शब्दासाठी मराठी बायबलमध्ये ‘धीर’ येतो, तो ग्रीक शब्दही ‘खाली’ आणि ‘राहणे’ यांच्या जोडणीतून बनलेला आहे: ओझ्याखालून न निसटता तिथेच टिकून राहणे.

टिकून राहण्याची ही शिस्त रोजच्या जगण्यात कशी बसवावी, याचे विलक्षण बारकाईचे उत्तर सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या ७३ प्रकरणांच्या नियमावलीत सापडते. प्रार्थनेच्या, श्रमाच्या आणि वाचनाच्या वेळा तीत ठरलेल्या आहेत. झोपाळू बांधवांना सबबी सुचतात, म्हणून उठताना सर्वांनी एकमेकांना हळुवारपणे उत्तेजन द्यावे, असेही तीत म्हटले आहे. रात्रीच्या प्रार्थनेत बायबलमधील ९५ वे स्तोत्र मुद्दाम अगदी सावकाश म्हणायचे, म्हणजे रेंगाळलेल्यांनाही वेळेत पोहोचता येते. त्यानंतरही जो उशिरा येईल, त्याने आपल्या नेहमीच्या जागी न जाता सर्वांच्या मागे उभे राहायचे; मात्र त्याने बाहेर थांबू नये, कारण बाहेर राहिलेला पुन्हा झोपी जाईल किंवा गप्पा मारत बसेल. त्याने आतच यावे, असे बेनेडिक्ट लिहितात, म्हणजे त्याचे सगळेच हातचे जाणार नाही.