नॅकर्ड: घोड्यांकडून आलेला थकवा

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनमध्ये संध्याकाळी कुणी म्हणालं, 'आय ॲम नॅकर्ड', तर समजावं, गडी पार गळून गेलाय. पण तिथे सायकलही नॅकर्ड असते, वॉशिंग मशीनही आणि दुखरा गुडघाही. माणूस दमला काय नि यंत्र मोडलं काय, शब्द एकच.

हे आलं घोड्यांकडून. 'नॅकर' म्हणजे म्हातारे, लंगडे, कामातून गेलेले घोडे विकत घेऊन मारणारा. त्याच्या आवारात घोडा शिरला की त्याचं काही वाया जायचं नाही. कातडं कमवायला, खूर सरसासाठी, हाडं बटणांना आणि खताला. मांस उकडून मांजरांसाठी विकायचं. त्याचे फेरीवाले व्हिक्टोरियन लंडनमध्ये गल्लोगल्ली हिंडत. चोरीचे घोडेही याच आवारांत गडप होऊ लागले, म्हणून १७८६ मध्ये पार्लमेंटने कायदा करून या धंद्याला परवाना सक्तीचा केला. धंदा अजून आहे बरं का! ब्रिटनमध्ये शेतावर जनावर मेलं की आजही नॅकरमॅनला फोन जातो.

पूर्व लंडनच्या कॉकनी लोकांना सरळ बोलणं बहुधा बेचव लागत असावं. ते मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारे शब्द बोलतात. 'नॅकर्ड'शी जुळतं 'क्रीम क्रॅकर्ड'. क्रीम क्रॅकर हे साधं, चौकोनी, खुसखुशीत बिस्किट. डब्लिनच्या जेकब कंपनीने १८८५ च्या सुमारास काढलेलं. नावात क्रीम, आत थेंबभर नाही! म्हणजे दमलेला कॉकनी माणूस स्वतःला चक्क बिस्किट म्हणवून घेतो.

घोडे गेले, इंजिनं आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वैमानिक बंद पडलेल्या इंजिनाला 'कॉन्क्ड आउट' म्हणत. आज सोफ्यावर बसल्या बसल्या घोरू लागलेले आजोबाही कॉन्क्ड आउट! खिळखिळी झालेली जुनी मोटार मात्र 'क्लॅप्ड आउट', आणि फ्रिज मधूनच चालू, मधूनच बंद होऊ लागला की तो 'ऑन द ब्लिंक'.

तिकडे शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांसाठी एक सूचना. 'नॅकर्स' या अनेकवचनाचा एक अर्थ पुरुषांच्या नाजूक अवयवाकडे जातो, त्यामुळे 'नॅकर्ड' मित्रांत खुशाल चालतं, साहेबांपुढे जरा जपून. तिथे 'शॅटर्ड' म्हणा. काच फुटून तुकडे व्हावेत तसा मी झालोय, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो सासूबाईंसमोरही चालतो.