आमटीत तेल किती पडलं?

[दृश्य : ओटा. वजनकाट्यावर कच्ची तूरडाळ.]

"काल सकाळपासून काय काय खाल्लंत?" आहाराच्या कितीतरी सर्वेक्षणांचा पाया एवढाच. उत्तर येतं, "दोन भाकऱ्या, आमटी, थोडा भात." भाकरी केवढी? वाटी कितीची? थोडा म्हणजे किती?

म्हणून जाणता सर्वेक्षक घरातलीच वाटी मागून घेतो आणि पाणी भरून तिचं माप काढतो. समजा, 200 ग्रॅम डाळीची दीड लिटर आमटी झाली. 150 मिलिलिटरच्या दोन वाट्या खाल्ल्या, तर पोटात गेली 40 ग्रॅम डाळ. इथवर हिशेब जुळतो. पण फोडणीला तेलाची नुसती धार सोडलेली असते. 10 ग्रॅम इकडेतिकडे झालं की 90 कॅलरींचा फरक. मीठ तर काय, 'चवीनुसार'!

[दृश्य : प्रयोगशाळा. नमुन्यांच्या बाटल्या.]

शिवाय माणसं खाणं कमी करून सांगतात. हे पकडता येतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी प्यायला द्यायचं आणि पुढे आठवडा-दोन आठवडे लघवी तपासायची. जड हायड्रोजन पाण्यावाटेच बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटे पडतो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या वेगातल्या फरकावरून शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते कळतं. वजन स्थिर असेल तर खाणंही तेवढंच हवं. तोंडी सांगितलेला आकडा बहुधा त्याच्या खालीच निघतो. पण हे पाणी महाग. हजारो माणसांना पाजणं परवडत नाही.

मिठासाठी 24 तासांची सगळी लघवी गोळा करतात, कारण पोटात गेलेल्या सोडियमपैकी सुमारे 90 टक्के तिथूनच निघतं. एका वेळची राहून गेली, की मीठ कमी खाल्ल्यासारखं दिसतं.

[दृश्य : बाजारातली गाजरं.]

मोजमाप चोख झालं तरी कारण सापडतंच असं नाही. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसे. श्रेय गेलं गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनला. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. बीटा-कॅरोटीनच्या वाट्याला आलेल्यांना रोज 20 मिलिग्रॅम. 1994 साली निकाल आला, तर त्यांच्यात हा कर्करोग 18 टक्के जास्त! भाज्या खाणारा माणूस इतरही बाबतींत वेगळा जगत असतो, ते सगळं एका गोळीत कसं मावणार?

चिठ्ठ्याही नीट टाकाव्या लागतात. स्पेनमधल्या भूमध्यसागरी आहाराच्या गाजलेल्या चाचणीत काही ठिकाणी एका घरातल्या सगळ्यांना एकच गट दिला गेला होता. 2013चा शोधनिबंध 2018 साली मागे घेऊन, नव्याने आकडेमोड करून छापावा लागला.

[दृश्य : पुण्याजवळचं गाव.]

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम इथे बघण्यासारखं आहे. 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आहार विचारला, आणि रक्तही तपासलं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं, की गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक. नुसतं ताटात काय होतं ते विचारून हे हाती लागणं अवघडच.

तरीही हे निरीक्षणच. कारण ठरलं असं नाही. म्हणून ती मुलं किशोरवयात आल्यावर 2012 पासून चाचणी सुरू झाली. काहींना रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्मपोषकं, काहींना बिनऔषधाची गोळी. मुख्य निकाल कशावरून लावायचा तेही ठरलेलं होतं : पुढे त्यांना जी बाळं होतील, त्यांच्या नाळेच्या रक्तातलं बी-12.