पेट्रोलच्या टाकीवरचा कागद

(डेट्रॉइटजवळ मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मसल कार दहा वर्षांतच का संपल्या?’ मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन घातलेली अमेरिकन गाडी. त्याकडे येतोच. इथल्या निम्म्या लोकांची हयात गाड्यांच्या कंपन्यांत गेली, त्यामुळे व्ही-एट म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ठाऊक नसेल त्यांनी शेजारच्याला विचारा. तो मग तासभर सोडणार नाही.

आधी माझी गाडी. १९७० ची शेव्हेल, शेव्हरोले कंपनीची. मी ती ‘एसएस ३९६’ म्हणून घेतली आणि पैसेही तसेच मोजले. एसएस म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’, तिचा दांडगा अवतार. आता हे ३९६ म्हणजे इंजिनाचे घन इंच. त्या वर्षी शेव्हरोलेने ते इंजिन वाढवून ४०२ केलं होतं, पण बिल्ला ३९६ चाच ठेवला. थापेची सुरुवात कारखान्यातच झालेली, एकट्या विकणाऱ्याला काय बोल लावायचा! लाल रंग, बॉनेटवर काळे पट्टे. सौ. म्हणाली, “या वयात?” म्हटलं, गाडी माझ्यापेक्षा तरुण आहे.

पहिली शंका लोहचुंबकाने काढली. फडक्यात गुंडाळून मागच्या चाकावरच्या पत्र्यावर फिरवला, तर चिकटेचना. पत्रा होता कुठे? नुसती लांबी, म्हणजे पुटी, भरलेली! ती खरवडली, तर लालच्या खाली हिरवा रंग. माझ्या पोटात गोळा.

आता १९७० च्या शेव्हेलचा चासी नंबर बघून ती एसएस आहे की नाही ते कळत नाही. एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतंच, गाडी नोंदवताना घ्यायचा ऑप्शन होता. खरं सांगतो तो एक कागद. कुठल्या गाडीत काय बसवायचं हे कामगारांना कळावं म्हणून असेंब्ली लाइनवर गाडीबरोबर एक तक्ता फिरायचा. काम झालं की तो कुठेतरी खुपसून द्यायचे: सीटच्या स्प्रिंगांत, नाहीतर पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर. माझा टाकीवर होता. गंजलेले बोल्ट सोडवण्यात दोन शनिवार गेले. टाकी खाली आली आणि वर चिकटलेली ती जन्मपत्रिका दिसली, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला.

पत्रिकेत एसएस ३९६ चा ‘झेड-२५’ हा कोड हवा होता. नव्हता. होतं काय, तर ३०७ चं इंजिन, २०० हॉर्सपॉवर, पुढे सलग बाक आणि रंग हिरवा. साधी मालिबू, म्हणजे एसएस नसलेली शेव्हेल! पत्रिका जुळत नव्हती, पण लग्न होऊन गेलं होतं.

मित्र म्हणाले, गप्प बस, कागद चुलीत घाल. मी उलट केलं. तिला परत मालिबू केली. मोठं इंजिन विकलं. ३०७ शोधायला लागलो, तर एकाने ते फुकट दिलं आणि वर विचारलं, “तब्येत बरी आहे ना?”

माझं म्हणणं एवढंच आहे. १९७० साली बहुतेक लोकांनी साधीच शेव्हेल घेतली होती, किराणा आणायला, मुलांना शाळेत सोडायला. त्यातल्या कित्येक भंगारात गेल्या आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणींना आपण बिल्ले लावून एसएस केलं. ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, त्या ड्रीम क्रूझला जाऊन बघा. जी शेव्हेल येते ती एसएस! त्या काळी मिशिगनमध्ये कुणी दूध आणायला जातच नव्हतं की काय? ही कसली आठवण? हा तर वरातीचा फोटो झाला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

आता छापलेला विषय. १९६४. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स. तिचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. तिच्याच पाँटियाक विभागातल्या जॉन डीलोरियन आणि मंडळींनी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३८९ चं घातलं, ‘ऑप्शन’ म्हणून. नियम मॉडेलला होता, ऑप्शनला कुठे होता? ती जीटीओ, मसल कारांची सुरुवात तिथून धरतात. शिखर १९७०: याच शेव्हेलमध्ये ४५४ चं इंजिन, कागदोपत्री ४५० हॉर्सपॉवर.

मग उतार. विमा कंपन्यांनी तरुण पोरांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० चा क्लीन एअर कायदा आला. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल दाबण्याचं प्रमाण, उतरवलं; ताकद घटली. १९७२ पासून पंखा, सायलेन्सर सगळं जोडून ताकद मोजायला लागले, आकडे आणखी घसरले. लोक सगळं खापर ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीवर फोडतात. तोवर रोग्याने मान टाकली होती हो!

फोर्डच्या मस्टँगची गोष्ट राहिली, ती चहाच्या वेळी. गाडी बाहेर उभी आहे, हिरवी. पुढच्या बाकावर तिघं मावतात. जाताना कुणाला दूध-किराणा घ्यायचा असेल, तर सोडतो.