बिगुलाचा गंधार

लष्करी अंत्यविधीत बिगुल वाजतो तेव्हा माणसांचे डोळे भरून येतात, आणि त्या सुरावटीत कोमल स्वर एकही नसतो. आजचा विषय इथूनच सुरू करू. करुण रस म्हटला की आपला कान कोमल गंधार, कोमल धैवत शोधायला लागतो. बिगुलाकडे त्यातलं काहीच नाही. सा, शुद्ध ग आणि प, बस्स. खालच्या-वरच्या सप्तकांतल्या मिळून पाच जागा.

याचं कारण वाद्याच्या घडणीत आहे. बिगुल म्हणजे तांब्या-पितळेची, तोंडाकडून कर्ण्याकडे रुंदावत जाणारी, वेटोळं घातलेली नळी. ट्रम्पेटला असतात तसे व्हॉल्व्ह साध्या बिगुलाला नसतात, त्यामुळे नळीची लांबी बदलता येत नाही. एका लांबीच्या नळीतून तिच्या मूळ स्वराच्या पटीतले स्वरच निघतात. दुसऱ्या पटीत खालचा सा, तिसऱ्यात प, चौथ्यात मधला सा, पाचव्यात ग, सहाव्यात वरचा प. सातवी जागा कोमल निषादाहूनही उतरलेली पडते, म्हणून बिगुलाच्या इशाऱ्यांत ती घेतच नाहीत. कुठला स्वर काढायचा हे ठरतं फक्त ओठांच्या ताणावर आणि श्वासाच्या जोरावर. बोटांना काही काम नाही.

त्यातल्या गंधाराकडे जरा लक्ष द्या. हार्मोनियमच्या गंधारापेक्षा हा 14 सेंटनी उतरलेला असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. सुरात लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा, पाचव्या पटीतला. कुणी लावलेला नाही, नळीतून आपोआप आलेला. मोकळ्या मैदानात, साथीला काही नसताना तो एकटा उभा राहतो, तेव्हा त्यात एक शांत स्थिरता जाणवते. माझ्या मते बिगुलाची निम्मी ताकद या एका स्वरात आहे.

उरलेली निम्मी ताकद त्या सुरावटीच्या रोजच्या कामातून येते. ‘लास्ट पोस्ट’ हा मुळात शोकगीत म्हणून रचलेलाच नाही. ब्रिटिश सैन्यात रात्रीच्या पहारेचौक्यांची फेरी पुरी झाली, दिवस संपला, एवढं सांगणारा तो छावणीतला इशारा. सैनिकाने नोकरीभर तो रोज ऐकलेला असायचा. एकोणिसाव्या शतकात तोच इशारा कबरीपाशी वाजू लागला. रोज ऐकून सवयीचा झालेला हुकूम कबरीतला सैनिक आता ऐकणार नाही, आणि इशारा मात्र तसाच्या तसा, एकही स्वर न बदलता वाजतो. म्हणून त्यात वादकाने आपल्या पदरची करुणा घालू नये. लांबवलेले, कंप दिलेले स्वर ऐकले की तो इशारा राहत नाही, कार्यक्रमातलं गाणं होतं.

अमेरिकेतल्या ‘टॅप्स’ची कथा वेगळी, पण वळण तेच. जुलै 1862 मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, व्हर्जिनियातल्या हॅरिसन्स लँडिंगच्या छावणीत ब्रिगेडियर जनरल डॅनियल बटरफिल्ड यांनी एका जुन्या इशाऱ्यात फेरफार करून आपल्या ब्रिगेडसाठी दिवे मालवण्याचा नवा इशारा बसवला. बिगुलर ऑलिव्हर विलकॉक्स नॉर्टन यांनी तो वाजवला. त्याच वर्षी कॅप्टन जॉन टिडबॉल यांच्या तोफखान्यातल्या एका जवानाला पुरताना शत्रू जवळच होता. बंदुकीच्या तीन फैरी झाडल्या तर पलीकडे लढाई सुरू झाली असं वाटेल, म्हणून फैरींऐवजी हा इशारा वाजवला. 1891 पासून तो तिथल्या लष्करी अंत्यविधीचा नियमच झाला.

‘टॅप्स’चे स्वर 24. मधला सा धरून लिहिले तर असे: खालचा प, प, सा. प, सा, ग. मग हेच ‘प सा ग’ आणखी तीनदा. नंतर सा, ग, वरचा प. तिथून उतरत ग, सा, खालचा प. आणि शेवटी पुन्हा प, प, सा. चारच जागा आणि तीन-तीन स्वरांचे आठ तुकडे. वरचा प फक्त एकदा येतो, अठरावा. त्याआधी चारदा आपण गंधारापर्यंत चढून थांबलेलो असतो, म्हणून तो एकदाच लागणारा पंचम इतका आत जातो. ‘लास्ट पोस्ट’ बराच लांब, सव्वा ते दीड मिनिटाचा. त्यात मध्ये जलद, तुटक स्वरांचे भाग येतात आणि जिभेचं काम वाढतं. ‘टॅप्स’ मिनिटभरात संपतो. छोटा आहे म्हणून सोपा समजू नका. त्यात चूक लपवायला जागाच नाही.

काय बिघडतं ते आता सविस्तर सांगतो, कारण ऐकणाऱ्याला वाटतं वादकाच्या भावना अनावर झाल्या, आणि खरं कारण बहुतेक वेळा ओठ किंवा थंडी असतं. वरच्या पटींतल्या जागा एकमेकींना खेटून असतात. ओठांचा ताण किंचित कमी-जास्त झाला की स्वर शेजारच्या जागेवर घसरतो, आणि मग तो फुटल्यासारखा ऐकू येतो. थंडीत ओठ बधिर होतात, माउथपीस गार पडतो. म्हणून माउथपीस वाद्याला लावून न ठेवता शेवटच्या क्षणापर्यंत मुठीत किंवा खिशात ठेवावा. हवा 20 अंशांवरून शून्यावर आली तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटरवरून 331 वर येतो आणि वाद्य अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त भागाने उतरतं. एकटा वादक असेल तर हे कुणाला कळत नाही. दोघे असतील, एकाने फुंकून नळी गरम केलेली आणि दुसऱ्याची गार, तर लगेच कळतं. फुंकरीची वाफ आत पाणी होऊन साचते आणि स्वरात गुळगुळ येते, त्यामुळे उभं राहण्याआधी बिगुल उलटा करून झटकायला विसरू नये.

पहिल्या स्वराची अडचण वेगळी. आधार द्यायला तानपुरा नाही, पेटी नाही. तो प मनात नक्की ऐकल्याशिवाय फुंकर सोडायची नाही. शिवाय बंदुकांच्या फैरी नुकत्याच झडलेल्या असतात आणि कान सुन्न असतात. तिसरी फैर झाली, सलामीचा हुकूम झाला, की चार-पाच सेकंद जाऊ द्यावेत. घाईने उचललेला पहिला स्वरच बहुधा फुटतो. अठराव्या स्वरासाठीचा श्वास सोळाव्याच्या आधी पुरता घ्यावा. तो चुकला तर माणूस माउथपीस ओठांवर दाबतो, ओठांतलं रक्त अडतं आणि नेमका तोच स्वर बारीक होतो.

25 नोव्हेंबर 1963 रोजी आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या अंत्यविधीत सार्जंट कीथ क्लार्क यांचा सहावा स्वर फुटला. सहावा म्हणजे पहिला गंधार. ते गारठ्यात बराच वेळ उभे होते आणि फैरी जवळच झडल्या होत्या. ऐकणाऱ्या अनेकांना तो हुंदक्यासारखा वाटला. तरीही त्यातून कुणी असा धडा घेऊ नये की स्वर तोडला की परिणाम वाढतो. क्लार्क यांनी पुढचे अठरा स्वर नीट वाजवले, हेच त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी केलं.

जागेची निवडही महत्त्वाची. कर्ण्यातून उंच स्वरांश, म्हणजे प्रत्येक स्वरात मिसळलेले वरचे बारीक नाद, सरळ समोर झोतासारखे जातात, खालचे पसरतात. दहा मीटरवर, थेट कुटुंबाकडे तोंड करून वाजवलं तर कानाला बोचतं. 30 ते 45 मीटर अंतर बरं, आणि वादक कुटुंबाला दिसला पाहिजे. वारा वादकाच्या पाठीमागून लोकांकडे वाहत असेल तर स्वर पोचतात. उलटा असेल तर ध्वनी वर उचलला जातो आणि जवळच्यांनाही क्षीण ऐकू येतो. दूर दुसरा वादक ठेवून प्रतिध्वनी करायची हौस काही ठिकाणी असते. शंभर मीटरवरचा स्वर 0.3 सेकंद उशिरा येतो, त्यात दोघांची पट्टी किंचित वेगळी. टाळलेलं बरं.

वादक पुरेसे मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. अमेरिकेत 2000 पासून पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीला किमान दोन गणवेशधारी, ध्वजाची घडी आणि ‘टॅप्स’ हे कायद्याने ठरलं, पण वादक नसल्यास ध्वनिमुद्रण चालतं. 2003 पासून कर्ण्यात बसवायचं छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं. बटण दाबायचं, बिगुल ओठांना लावायचा, काही सेकंदांत मुद्रित सूर सुरू होतो. बॅटरी तपासलेली नसेल तर जे होतं ते कुटुंबाला आयुष्यभर आठवतं. यंत्र वापरायला माझी हरकत नाही. कुटुंबाला आधी सांगावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

बेल्जियममधल्या ईप्र गावी, मेनिन गेट या स्मारक-वेशीवर, पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या 54 हजारांहून अधिक जवानांची नावं कोरलेली आहेत. त्यांत भारतीयही आहेत. 2 जुलै 1928 रोजी तिथे ‘लास्ट पोस्ट’ वाजवायला सुरुवात झाली. आता रोज रात्री आठला रहदारी थांबते आणि गावच्या अग्निशमन दलातले बिगुलर तो वाजवतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या काळात हे बंद होतं. 6 सप्टेंबर 1944 रोजी गाव सुटलं, त्याच संध्याकाळी बिगुल पुन्हा वाजला. तेव्हा गावाच्या दुसऱ्या भागात अजून लढाई चालू होती.

भारतीय सेनादलांतही ‘लास्ट पोस्ट’, मग स्तब्धता, मग ‘राउज’ असाच क्रम आहे. ‘राउज’ हा सकाळी अंथरुणातून उठवण्याचा इशारा, आणि तोही याच पाच जागांतला. मधली शांतता संगीताचाच भाग आहे असं मी मानतो आणि शिकणाऱ्यांना ती मोजून पाळायला सांगतो. शेवटचा स्वर हळूहळू विरू द्यावा, एकदम तोडू नये. तो विरल्यावरही बिगुल लगेच खाली आणू नये. वादकाचा हात हलला की लोक हलतात, खोकतात, पाय बदलतात. मनात चार मोजावेत, आणि मग बिगुल खाली घ्यावा.