अंदाजानं नको, मापून सांगा

(दृश्य: सकाळची ठाणे-बेलापूर रस्त्यावरची वर्दळ, मग प्रशिक्षण कक्ष)

नवी मुंबईतला हा नर्सिंगचा प्रशिक्षण कक्ष. टेबलावर रबरी बाळंतीण, तिच्याखाली चादरीवर लाल रंगाचं पाणी. सिस्टर विचारतात, "सांगा, किती रक्त गेलं?" कुणी म्हणतं दोनशे मिली, कुणी अडीचशे. ओतलेलं असतं पाचशे.

बाळंतपणानंतर चोवीस तासांत पाचशे मिली किंवा जास्त रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव, हे प्रत्येकीच्या वहीत लिहिलेलं आहे. पण रक्त चादरीत मुरतं, पॅडमध्ये शिरतं, गर्भजलात मिसळून बादलीत जातं. तिथे वही काय करणार?

(दृश्य: मापाची पिशवी, जवळून)

ही पारदर्शक पिशवी बघा. बाळ बाहेर आलं की बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची. खाली निमुळती होत जाते, त्यावर मापाच्या रेषा. या पिशवीवरचं महत्त्वाचं काम आपल्या शेजारीच झालं, बेळगाव जिल्ह्यात. २००६ साली छापून आलेल्या तिथल्या अभ्यासात नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी भरला. पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८० रुग्णालयांच्या अभ्यासात निम्म्या ठिकाणी हीच पद्धत वापरली, बाकीच्यांत नेहमीची: पिशवीनं मोजा आणि सगळे उपचार एकदम सुरू करा. २०२३ मध्ये निकाल आला. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून नेहमीच्या पद्धतीपेक्षा ६० टक्क्यांनी कमी भरलं.

इतकी साधी वस्तू प्रत्येक प्रसूतिगृहात का नसावी?

(दृश्य: वजनकाटा, भिजलेलं पॅड)

पिशवी नसेल तर काटा आहेच. भिजलेल्या पॅडच्या वजनातून कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली.

(दृश्य: पोटावर हात)

आता हात. बेंबीपाशी गर्भपिशवी क्रिकेटच्या चेंडूइतकी टणक लागायला हवी. मऊ लागली तर लगेच चोळायची, आणि लघवी तुंबली आहे का तेही बघायचं. भरलेलं मूत्राशय गर्भपिशवीला आकसू देत नाही. दुसरा हात नाडीवर. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकतं, नाडी आधी पळू लागते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २०२५ पासून सांगते: तीनशे मिली गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलं, तर पाचशेची वाट बघू नका.

मग गर्भपिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड, सलाईन, टाक्यांची आणि वारेची तपासणी. उशीर झाला तर जीव जातो.

प्रसूतिगृहात आम्ही कॅमेरा नेला नाही, न्यायचाही नव्हता.

(दृश्य: मावशी कक्षात येतात)

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोट, पॅड, नाडी. शेवटच्या सत्राला सिस्टर मावशींनाही बोलावतात. त्यांच्यासाठी सूचना एकच: भिजलेलं पॅड आधी सिस्टरला दाखवायचं, मगच टाकायचं.